झेरॉक्स, छायाप्रत की सर्टिफाईड कॉपी? माहितीपत्रकात नेमकं काय लिहायचं?

केवडा_डिचोली
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयातर्फे आम्ही काही जणी मिळून मराठीत एक माहितीपत्रक करतोय, दोनच पानांचं. सरकारी कामाला कुठले कागद लागतात आणि ते कसे जोडायचे एवढंच त्यात आहे, एक-चौदाचा उतारा (आपल्या गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद), जन्मदाखला, रहिवासी दाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज वगैरे.

अडलोय एका शब्दावर. मसुद्यात मी सगळीकडे 'झेरॉक्स' लिहिलं कारण गावात लहानथोर सगळे तेच म्हणतात आणि दुकानाच्या पाटीवरही तेच असतं. आमच्यातले एक निवृत्त मास्तर म्हणतात की हे कंपनीचं नाव आहे, छापील कागदावर 'छायाप्रत' पाहिजे. बाकीच्या म्हणतात छायाप्रत वाचून म्हातारी माणसं परत आम्हालाच विचारायला येणार.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. शेजारच्या काकूंना एका कार्यालयात "कॉपी घेऊन या" एवढंच सांगितलं, त्या बिचाऱ्या झेरॉक्स काढून बसने परत गेल्या, आणि तिथे कळलं की सर्टिफाईड कॉपी पाहिजे होती. कुणी खोटं बोललं नाही पण काकूंचा अख्खा दिवस गेला आणि त्या दिवसाची मजुरीही गेली. हे आमच्या कागदामुळे कुणाच्या बाबतीत होऊ नये असं मनापासून वाटतं म्हणून इथे विचारतेय. कुणाला नीट माहिती असेल तर सविस्तर लिहा, घाई नाही.

शाई_आणि_कागद
केवडाताई, विषय माझ्या आवडीचा आहे त्यामुळे थोडं लांबण लागेल.

झेरॉक्स हे कंपनीचं नाव खरंच, पण ते आलं एका प्रक्रियेच्या नावावरून. चेस्टर कार्लसन हा अमेरिकन माणूस न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करायचा, तिथे पेटंटच्या कागदांच्या आणि आकृत्यांच्या प्रती सारख्या लागायच्या आणि त्या मिळवायच्या म्हणजे पुन्हा टाईप करा नाहीतर फोटो काढायला पाठवा. त्याला संधिवात होता, हाताने उतरवून काढणं त्रासाचं. त्याने घरगुती प्रयोग सुरू केले आणि २२ ऑक्टोबर १९३८ला अ‍ॅस्टोरिया भागातल्या एका भाड्याच्या खोलीत, ओटो कॉर्नाय नावाच्या मदतनिसाबरोबर, गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावरून मेणकागदावर पहिली कोरडी प्रत उठवली. तिच्यावर तारीख आणि जागेचं नाव एवढंच होतं. १९४२ला पेटंट मिळालं पण कंपन्या काही घ्यायला तयार नव्हत्या. १९४४ला बॅटेल नावाच्या संशोधन संस्थेने हात दिला, मग रॉचेस्टरच्या हॅलॉईड नावाच्या फोटोचा कागद बनवणाऱ्या छोट्या कंपनीने परवाना घेतला.

'झेरोग्राफी' हा शब्द ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकाने सुचवला, झेरोस म्हणजे कोरडं आणि ग्राफी म्हणजे लिहिणं. आधीच्या फोटो-प्रतींना रसायनात बुडवून वाळवावं लागायचं, इथे पाणी नाही की रसायन नाही. हॅलॉईडनेच पुढे नाव बदलून आधी हॅलॉईड झेरॉक्स आणि १९६१ला नुसतं झेरॉक्स केलं. १९५९ला आलेलं त्यांचं ९१४ मशीन साध्या कागदावर प्रत काढायचं, ९ बाय १४ इंचापर्यंतचा कागद घ्यायचं म्हणून ९१४. जवळजवळ ३०० किलोचं धूड होतं, कागद तापून पेट घेईल या भीतीने बरोबर आग विझवायचं नळकांडंही द्यायचे.

आपल्याकडे १९८३ला मोदी समूहाबरोबर मोदी झेरॉक्स निघाली, आणि मशीन गल्लोगल्ली पोचलं ते या नावानेच. पाटीवर झेरॉक्स आहे पण आत मशीन कॅनन, रिको, क्योसेराचं, हे तर आता सगळीकडेच दिसतं.

माशेलची_आबोली
झेरॉक्स हा शब्द सगळीकडे नाही हां. मी लग्नाआधी दिल्लीत नोकरीला होते, तिथे सगळे 'फोटोस्टेट' म्हणायचे. ते पण मुळात एका मशीनचं आणि कंपनीचंच नाव, झेरॉक्सच्या कितीतरी आधीचं, ओल्या फोटो-कागदावर प्रत काढणारं. म्हणजे उत्तरेत जुन्या कंपनीचं नाव राहिलं आणि आपल्याकडे नव्या कंपनीचं. पोर्तुगालमध्ये फोतोकॉपिया म्हणतात, पण ब्राझीलमध्ये भाषा तीच असून बोलताना शेरॉक्स. रशियनमध्येही क्सेरॉक्स हाच रोजचा शब्द आहे. त्यामुळे हे फक्त आपल्या लोकांचं अडाणीपण आहे असं कुणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही.

शुद्धलेखन_म्हापसा
मास्तरांच्या बाजूने मी बोलतो. छायाप्रत हा शब्द काल कुणी बसून घडवलेला नाही, मराठी कागदपत्रांत आणि जाहिरातींत तो रुळलेला आहे, 'छायांकित प्रत' पण दिसतं. गोव्यात १९८७च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि त्याच कायद्यात मराठीचाही सरकारी कामाला वापर करता येईल अशी तरतूद आहे. ती तरतूद जिवंत ठेवायची तर मराठीत लिहिणाऱ्यांनी मराठी शब्द वापरायला पाहिजेत ना. आपणच पत्रकात झेरॉक्स लिहिलं तर पुढची पिढी छायाप्रत कुठे वाचणार? शिवाय झेरॉक्स हे आजही कंपनीचं नोंदणीकृत चिन्ह आहे. भारतात ते रजिस्टरमधून काढून टाका, सर्वसाधारण शब्द झालाय, असा अर्ज झाला होता, तो २०१२ला बौद्धिक संपदा अपील मंडळाने फेटाळला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हा अजून सर्वांचा शब्द नाही.

शाई_आणि_कागद
बाब, ते फेटाळलं हे खरं, पण त्या हक्काचा अर्थ असा की दुसऱ्या कुणी आपली मशिनं झेरॉक्स नावाने विकू नयेत. वाचनालयाने "आधारची झेरॉक्स जोडा" लिहिलं म्हणून त्यात माल विकणं कुठे आलं. कंपनीला भीती असते ती अमेरिकेत एस्कलेटर आणि थर्मॉस या नावांचं जे झालं त्याची, लोक इतके सर्रास वापरायला लागले की नावावरची मालकीच गेली. म्हणून ते जाहिराती देऊन लोकांना सांगायचे की क्रियापद म्हणून वापरू नका. आपल्याकडे ते सांगणं कुणाच्या कानापर्यंत आलंच नाही.

वकिली_पेन
शब्दाचा वाद चालू दे, पण केवडाताईंची दुसरी काळजी जास्त महत्त्वाची आहे आणि तिथे मी मदत करू शकते. 'कॉपी' या एका शब्दाखाली चार वेगळे कागद येतात आणि कार्यालयात प्रत्येकाची किंमत वेगळी असते.

साधी झेरॉक्स: मशीनमधून निघालेला कागद. तो मूळ कागदाशी जुळतो याची जबाबदारी कुणीच घेतलेली नसते.

सेल्फ अटेस्टेड म्हणजे स्वसाक्षांकित: त्याच झेरॉक्सवर आपण स्वतः सही करतो आणि ही खरी आहे असं सांगतो. २०१४ नंतर केंद्र सरकारने याच्यावर भर दिला आणि बऱ्याच अर्जांना राजपत्रित अधिकाऱ्याच्या मागे धावायची गरज संपली. सही झेरॉक्सवर करायची, मूळ दाखल्यावर नाही! हे पत्रकात ठळक लिहा, लोक मूळ कागदावर सही करून ठेवतात.

अटेस्टेड किंवा ट्रू कॉपी: नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी मूळ आणि झेरॉक्स शेजारी ठेवून बघतो आणि सहीशिक्का देतो. म्हणून मूळ कागद बरोबर न्यावाच लागतो, आणि हा अधिकारी दुसऱ्या खात्याचा असला तरी चालतो.

सर्टिफाईड कॉपी: ही आपल्याजवळच्या कागदावरून होतच नाही. मूळ नोंद ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे तेच कार्यालय फी घेऊन ती देतं, खाली 'ही खरी प्रत आहे' असा शेरा, तारीख, अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि शिक्का असतो. १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम ७६मध्ये हे स्पष्ट होतं, आता १ जुलै २०२४पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला पण ही पद्धत तीच आहे. सार्वजनिक नोंद कोर्टात दाखवायची तर हीच लागते. काकूंचं जे झालं ते इथेच, त्यांच्याकडचा कागद कितीही स्वच्छ झेरॉक्स केला असता तरी तो सर्टिफाईड झाला नसता.

माहिती अधिकारात पण, २००५च्या कायद्यात, नोंदींच्या प्रमाणित प्रती मागायचा हक्क दिलेला आहे. अर्जात नुसतं "प्रती द्या" न लिहिता "प्रमाणित प्रती द्या" लिहा.

केवडा_डिचोली
वकिली_पेन ताई, देव बरें करूं. हे इतकं सरळ मला कुणीच सांगितलं नव्हतं. एक शंका, एक-चौदाचा उतारा आता ऑनलाईन मिळतो ना, तो प्रिंट काढला तर तो कशात धरायचा?

वकिली_पेन
सरकारी संकेतस्थळावरून फी भरून घेतलेला आणि डिजिटल सही असलेला असेल तर तोच अधिकृत उतारा. नुसता बघण्यासाठी उघडलेल्या पानाचा प्रिंट म्हणजे तुमच्या माहितीपुरता. आणि डिजिटल सहीच्या उताऱ्याची परत झेरॉक्स काढली तर ती झेरॉक्सच झाली, म्हणून शक्यतो पीडीएफ जपून ठेवा आणि लागेल तेव्हा ताजा उतारा काढा, बऱ्याच ठिकाणी अलीकडची तारीखच मागतात.

रीमवाला_फोंडा
माझं दुकान आहे म्हणून गिऱ्हाईक काय म्हणतं ते सांगतो. छायाप्रत मागणारं माणूस माझ्या दुकानात येत नाही. "झेरॉक्स काडून दी", "झेरॉक्स मार", "कलर झेरॉक्स", "दोन्ही बाजू एकाच पानार" असंच. मोबाईलमधला कागद दाखवून पण लोक म्हणतात ह्याची झेरॉक्स दी, तो खरा प्रिंट असतो पण माझ्या तोंडात पण झेरॉक्सच येतं. आणि "कॉपी द्या" म्हटलं तर मी वही काढून देतो, शाळेची पोरं वहीलाच कॉपी म्हणतात, परीक्षेत कॉपी म्हणजे आणखी वेगळं, त्यामुळे तुमच्या पत्रकात कॉपी हा शब्द एकटा ठेवूच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दोन गोष्टी कामाच्या. मशीनच्या आत ड्रम असतो त्याच्यावर वीज भरतात, उजेड पडला तिथली वीज जाते आणि अक्षराच्या जागी राहते, तिथे टोनर चिकटतो, तो कागदावर उतरतो आणि गरम रोलरखाली वितळून बसतो. टोनर म्हणजे शाई नव्हे, प्लास्टिकची काळी भुकटी. म्हणून झेरॉक्स पाण्यात भिजली तरी अक्षर पसरत नाही, पण मऊ पीव्हीसीच्या पिशवीत वर्षभर दाबून ठेवली तर अक्षरं पिशवीला लागून निघतात. आपल्या पावसात तर लवकर. कागदी पाकीट नाहीतर साधी फाईल बरी. दुसरं, मूळ दाखला लॅमिनेशन करू नका, मी दुकानदार असून सांगतो. बऱ्याच कार्यालयांत लॅमिनेट केलेला मूळ कागद घेत नाहीत, आणि एकदा चिकटवला की काढता येत नाही. करायचंच तर झेरॉक्सचं करा. आणि जुन्या फॅक्सचा किंवा मशीनच्या पावतीचा गुळगुळीत कागद असेल तर त्याची झेरॉक्स आजच काढून ठेवा, तो उष्णतेने उमटणारा कागद आहे, अक्षर आपोआप पुसत जातं.

स्विंडनहून_सावईवेरेकर
आम्ही इकडे इंग्लंडमध्ये असतो, पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाच्या कागदांसाठी आमच्या वडलांचं सगळं करावं लागलं, त्यातला एक अनुभव तुमच्या पत्रकाला उपयोगी पडेल. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांची नोंद पोर्तुगीज नोंदवहीत आहे. त्याचे दोन प्रकारचे दाखले मिळतात, एक नरातिव, म्हणजे नोंदीतला मजकूर सांगणारा दाखला, आणि दुसरा तेओर, म्हणजे नोंदवहीतल्या नोंदीची शब्दन् शब्द जशीच्या तशी प्रत, सहीशिक्क्यासह. घरात पेटीत सापडलेल्या जुन्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन लोक गोव्याहून लिस्बनला कागद पाठवतात आणि ते परत येतात कारण तिकडे तेओर पाहिजे असतो. तेओर सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयातून घ्यायचा, काही जुन्या वह्या पुराभिलेख खात्यात आहेत. घरातल्या जुन्या दाखल्याचा उपयोग एवढाच पण मोठा, त्याच्यावर नोंदीचा क्रमांक, वर्ष आणि तालुका असतो, तो नसला तर वह्या शोधत बसावं लागतं. म्हणून जुना कागद फेकू नका, त्याची एक झेरॉक्स हाताशी ठेवा आणि मूळ उघडझाप न करता बाजूला ठेवा.

पाटोचा_वाचक
सावईवेरेकरांनी जुन्या कागदांचा विषय काढला म्हणून. पोर्तुगीज काळातले हाताने लिहिलेले कागद बहुतेक लोखंडाच्या शाईचे आहेत, ती शाई आम्लधर्मी असते आणि हळूहळू कागदच खाते, अक्षराच्या जागी भोक पडलेलं तुम्ही बघितलं असेल. असा कागद काचेवर उलटा टाकून झाकण दाबणं म्हणजे त्याचे तुकडे करणं. शिवलेली वही असेल तर पाठ मोडते. त्याची झेरॉक्स काढूच नका, सपाट टेबलावर खिडकीच्या उजेडात फ्लॅश बंद करून वरून फोटो काढा आणि त्या फोटोचा प्रिंट वापरा. केवडाताई, हे मात्र पत्रकात नक्की घाला, आपल्याकडे गावोगावच्या घरात देवस्थानचे, कोमुनिदादचे (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे) असे कागद पडून आहेत.

आणि प्रत काढण्याला कमी लेखू नका हो कुणी. गोव्यात १५५६ला, आशियातला पहिला म्हणतात असा युरोपियन छापखाना सुरू झाला. फादर स्टीफन्सचं मराठीतलं ख्रिस्तपुराण १६१६ला रायतूरला छापलं, नंतर आणखी दोनदा छापलं, आणि आज त्या तिन्ही आवृत्त्यांमधली एकही प्रत कुठे सापडत नाही. मग ते आपल्याला वाचायला मिळालं कसं? लोकांनी पिढ्यानपिढ्या हाताने उतरवून घेतलं म्हणून! त्या हस्तलिखितांवरूनच १९०७ला मंगळूरला ते परत छापलं. छापलेलं गेलं आणि उतरवलेलं राहिलं, मला तर हे वाचल्यावर कितीतरी दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. ज्या अनाम माणसांनी मेणबत्तीच्या उजेडात त्या हजारो ओव्या उतरवल्या त्यांचं नाव आपल्याला माहीत नाही याचं वाईट वाटतं.

शुद्धलेखन_म्हापसा
पाटोकर, हे छान सांगितलंत. नक्कल हा आपला जुना शब्द त्या अर्थाचाच, नक्कलनवीस म्हणजे कार्यालयात प्रती उतरवणारा. पण आज नक्कल म्हटलं की लोकांना बनावट वाटतं हे मला मान्य आहे, तो पत्रकात नको.

रीमवाल्यांचं वाचून एक सुचवतो. पहिल्यांदा येईल तिथे 'झेरॉक्स (छायाप्रत)' लिहा आणि पुढे झेरॉक्स चालू दे. काकूंना कळेल आणि मुलांच्या डोळ्यांखालून मराठी शब्दही जाईल. माझा आग्रह एवढाच होता.

कुंकळ्ळी_कॉलेज
मधेच विचारतो, कॉलेजच्या पुस्तकांतल्या प्रकरणांची झेरॉक्स काढणं गुन्हा आहे का? आमच्या ग्रुपमध्ये यावरून भांडण झालं.

वकिली_पेन
दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावर मोठ्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ला दावा केला होता, रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसचं प्रकरण. दुकान अभ्यासक्रमातली प्रकरणं एकत्र करून संच द्यायचं. सप्टेंबर २०१६ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्रकाशकांच्या विरोधात निकाल दिला, १९५७च्या कॉपीराईट कायद्याचं कलम ५२ शिकवण्याच्या कामासाठी प्रती काढायला सूट देतं म्हणून. त्याच वर्षी डिसेंबरात खंडपीठानेही ते तत्त्व उचलून धरलं, फक्त ती प्रकरणं शिकवण्यासाठी खरोखर लागतात का हे तपासायला सांगितलं, आणि २०१७ला प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. पण याचा अर्थ अख्खी कादंबरी झेरॉक्स करून विकायला मोकळीक असा नाही, शिकवण्याशी त्याचा संबंध असायला पाहिजे.

केवडा_डिचोली
सगळ्यांचे आभार, आज बसून मसुदा बदलला. मास्तरांना फोनवर वाचून दाखवला, त्यांना कंसातली छायाप्रत पसंत पडली. कॉपी हा शब्द एकटा कुठेच ठेवलेला नाही. सुरुवात अशी आहे:

"तुम्हाला 'कॉपी आणा' असं सांगितलं तर तिथेच विचारा: साधी झेरॉक्स (छायाप्रत) चालेल का? त्याच्यावर माझी सही लागेल का? नोटरीचा शिक्का लागेल का? की सर्टिफाईड कॉपी पाहिजे, आणि ती कुठल्या कार्यालयातून घ्यायची? उत्तर कागदावर लिहून घ्या."

खाली चार प्रकार, मूळ कागदावर सही नको, लॅमिनेशन नको, पीव्हीसी पिशवी नको, जुना हस्तलिखित कागद मशीनवर टाकू नका. तेओरचं वेगळ्या चौकटीत. काही राहिलं का?

खाजनबांध
एक राहिलं, आणि जमिनीवाल्यांना ते महागात पडतं. सर्व्हे प्लॅन. मी सर्व्हेचं काम करतो. लोक प्लॅनची झेरॉक्स घेऊन येतात आणि त्याच्यावर पट्टी लावून जागा मोजतात. मूळ नकाशा १:१०००चा असेल तर कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. झेरॉक्सवाल्याने ए-थ्रीचा कागद ए-फोरवर बसवला की लांबी ७१ टक्क्यांच्या आसपास येते आणि क्षेत्र बरोबर अर्धं, पण कोपऱ्यात छापलेलं १:१००० तसंच राहतं. म्हणजे ५०० चौरस मीटरचा तुकडा पट्टीने मोजला तर २५० येतो, आणि दोन भावांत किंवा शेजाऱ्याशी भांडण तिथून सुरू होतं. मशीन 'फिट टू पेज'वर असलं तरी थोडा फरक पडतोच.

म्हणून लिहा की प्लॅनची झेरॉक्स फक्त ओळख पटवायला, मोजायला नाही. काढायचीच तर दुकानात "शंभर टक्क्यांवर काढ" म्हणून सांगायचं आणि नकाशावर मोजपट्टीची आडवी रेघ असेल तर ती मूळ कागदाशी लावून बघायची. विक्री, वाटणी, बांधकाम परवाना यातलं काही असेल तर पणजीच्या भूमापन खात्यातून नाहीतर त्यांच्या तालुक्याच्या कार्यालयातून सर्टिफाईड प्लॅनच घ्या.

केवडा_डिचोली
खाजनबांध दादा, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. घालते. रीमवाला बाब, तुमच्या दुकानात 'शंभर टक्क्यांवर' म्हटलं की कळतं ना, की दुसरा काही शब्द लिहू?

रीमवाला_फोंडा
'साईज टू साईज' लिहा. शंभर टक्के म्हटलं तर काही पोरं चांगली स्पष्ट काढ असं समजतात. साईज टू साईज म्हटलं की गोव्यात कुठलाही झेरॉक्सवाला रिडक्शन बंद करून काढतो. आणि पत्रक छापून झालं की चाळीसेक प्रती माझ्याकडे पाठवा, काउंटरवर ठेवतो, लोक कागद घेऊन थांबलेले असतात तेव्हाच वाचतील.